घराजवळचा वकील आणि कोर्टाजवळचा वकील

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण सहा वर्षांच्या मुलीला घेऊन खारघरहून ठाण्यातल्या नौपाड्यात आईकडे आली, तेव्हा "आठ दिवस राहते" एवढेच ती म्हणाली होती. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला आणि जूनमध्ये मुलीचे नाव ठाण्यातल्या शाळेत घातले गेले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी काय ते न बोलता समजून घेतले. त्यानंतरचा प्रश्न व्यवहाराचा होता: वकील कोण गाठायचा? आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग एकदाच आला होता आणि तोही गावाकडच्या बांधाच्या भांडणात, त्यामुळे कौटुंबिक प्रकरणासाठी वकील कसा शोधतात याची आम्हांला काडीचीही माहिती नव्हती. या शोधात आमच्या हातून जे चुकले आणि पुढे जे जमले, ते बहिणीच्या परवानगीने इथे लिहून ठेवते आहे. नावे कोणाचीच लिहिणार नाही.

मी ऐरोलीला राहते. आमच्या सोसायटीच्या अभिहस्तांतरणाचे (कन्व्हेयन्सचे) काम पाहणारे वकीलसाहेब तळमजल्यावरच बसतात, म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि सरळ सांगितले, "ताई, माझे काम करारनामे आणि नोंदणीचे. कौटुंबिक न्यायालयात मी वर्षातून एकदाही उभा राहत नाही. माझ्याकडे देऊ नका." त्या वेळी मला हे उत्तर तुटक वाटले. आज वाटते की त्या सहा महिन्यांत आम्हांला मिळालेला सर्वांत प्रामाणिक सल्ला तोच होता, आणि तो फुकट मिळाला म्हणूनच बहुधा आम्ही तो मनावर घेतला नाही.

कारण त्यानंतर आम्ही गेलो ते ओळखीच्या ओळखीतून. एका लग्नात कोणीतरी एक नाव सुचवले, कार्यालय घरापासून दोन स्टेशनांवर होते आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्या गृहस्थांनी "सहा महिन्यांत मोकळी करून देतो" असे आश्वासन दिले. तीन ठिकाणी तीन प्रकरणे टाकायची, सासू-सासऱ्यांपासून नणंदेपर्यंत सगळ्यांना ओढायचे, म्हणजे समोरचे आपोआप गुडघ्यावर येतात, असा त्यांचा बेत होता. बहीण गप्प बसली होती आणि मी मात्र, खरे सांगायचे तर, त्या आवेशाने सुखावले. पंचवीस हजार रुपये रोख दिले. पावती मागितली नाही, आणि हे मी लिहिते आहे जिची निम्मी नोकरी दुसऱ्यांची व्हाउचरे तपासण्यात गेली! त्यांनी विवाह नोंदणीचा मूळ दाखला ठेवून घेतला आणि चार कोऱ्या हिरव्या लेजर कागदांवर बहिणीच्या सह्या घेतल्या.

पुढचे दोन महिने ज्युनिअर मुलगा फोनवर "साहेब हायकोर्टात आहेत" एवढेच सांगत राहिला. शेवटी अर्जाचा मसुदा हाती आला, तो आम्ही आईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचला. तिसऱ्या पानावर लिहिले होते की अर्जदारास सदर विवाहसंबंधातून दोन मुलगे झाले असून ते प्रतिवादीच्या ताब्यात आहेत. बहिणीची एकुलती एक मुलगी त्या वेळी शेजारी बसून भाकरीचा पापुद्रा सोलत होती. कोणा दुसऱ्याच बाईचे दुःख, फक्त वरचे नाव बदलून, आमच्या हाती आले होते.

त्या मसुद्यात याहून मोठी एक चूक होती, जी आमच्या लक्षात येणे शक्यच नव्हते. अर्ज पनवेलच्या कोर्टासाठी तयार केलेला होता. नवी मुंबई हे एकच शहर आहे असे आपण रोजच्या बोलण्यात समजतो, पण ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात आणि हार्बर मार्गावर बेलापूरच्या पुढचेच स्टेशन असलेले खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येते. जोडपे शेवटचे एकत्र खारघरला राहत होते, म्हणून पनवेल, एवढाच विचार त्या गृहस्थांनी केलेला होता. कायदा मात्र इतका अरुंद नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागले तिथे, प्रतिवादी जिथे राहतो तिथे किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे अर्ज करता येतो. शिवाय २००३ च्या दुरुस्तीपासून, पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तिला जाता येते. मुलाच्या ताब्याचा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली करायचा असेल तर मूल सामान्यतः जिथे राहते ते ठिकाण पाहिले जाते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तर स्त्री तात्पुरती राहत असेल ती जागाही चालते. बहीण नौपाड्यात राहत होती, मुलगी ठाण्यातल्या शाळेत जात होती आणि तरीही तिला प्रत्येक तारखेला तासाभराचा लोकलप्रवास करून पनवेल गाठायला लावणारा अर्ज आमच्यापुढे होता.

तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की 'जवळचा वकील' म्हणजे आपल्या घराजवळचा नव्हे. प्रकरण कोणत्या न्यायालयात चालणार हे आधी ठरते आणि त्या न्यायालयात जो रोज उभा असतो तो जवळचा. तिथल्या दप्तरखान्यात कोणता कागद कशा क्रमाने लागतो, बोर्डावर प्रकरण साधारण किती वाजता पुकारले जाईल, समुपदेशकांकडे नंबर कधी लागतो, ही माहिती कोणत्याही पुस्तकात नसते आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या वकिलापाशीही ती नसते. वकील स्वतः येत नाही तेव्हा तारीख पडते. त्या तारखेची किंमत पक्षकार रजा टाकून चुकवतो.

दुसरा शोध आम्ही डोळे उघडे ठेवून केला. इंटरनेटवर 'ठाण्यातील सर्वोत्तम दहा घटस्फोट वकील' अशा याद्या ढिगाने सापडतात, पण त्यांवर मी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करण्यास किंवा कामासाठी गळ घालण्यास मनाई आहे. २००८ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची तेवढी मोकळीक आहे. मग 'सर्वोत्तम' हे कोणी ठरवले, हा प्रश्न उरतोच.

उपयोगी पडले ते ई-कोर्ट्सचे मोबाइल ॲप. त्यात वकिलाच्या नावावरून प्रकरणे शोधता येतात. आमच्या पहिल्या वकिलांचे नाव मी उशिरा का होईना तिथे टाकून पाहिले, तर जवळजवळ सगळी यादी चेक न वटल्याच्या प्रकरणांची निघाली. माणूस आपल्या कामात वाकबगार असेलही. आमच्या कामाचा नव्हता. हे पाहायला मला एका संध्याकाळचा अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास पंचवीस हजार देण्याआधी खर्च करायला हवा होता.

त्याशिवाय मी एक दिवस रजा काढली आणि सकाळी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जाऊन बसले. टंकलेखक, नोटरी, चहावाला, झेरॉक्सवाला यांच्या कोंडाळ्यात दोन-तीन तास काढले की कोणाकडे कसली माणसे येतात हे बऱ्यापैकी दिसते. एका टंकलेखक काकांना मी विचारले, "पोटगीचे आणि ताब्याचे मसुदे तुमच्याकडे कोण स्वतः बसून तपासतं?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवून क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि दोन नावे सांगितली. त्यांतले एक नाव पुढे आमच्या वकीलबाईंचे निघाले. टंकलेखकाला हे पक्के ठाऊक असते, कारण चुकलेले पान पुन्हा त्यालाच टंकावे लागते.

वकीलबाईंची पहिली भेट मला अजून जशीच्या तशी आठवते. पहिल्या मजल्यावरची अरुंद केबिन, खिडकीपर्यंत रचलेल्या फायली, पंख्याने उडू नये म्हणून रोजनाम्यांच्या नकलांवर ठेवलेला पंचिंग मशीनचा जड ठोकळा. मी घरून मुद्दे लिहून नेले होते आणि सवयीप्रमाणे बोलायला सुरुवात केली. दोन वाक्ये झाली असतील. बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? मला यांच्याशी बोलायचंय." मला अपमान वाटला. मी मोठी बहीण, पैसे मी देणार, धावपळ माझी, आणि मीच बाहेरच्या बाकावर! पाऊण तास मी त्या बाकावर बसून जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या काळ्या कोटांची मोजदाद करत होते.

आत काय झाले ते बहिणीने रात्री सांगितले. लग्न कुठे लागले, नोंदणी झाली आहे का, शेवटचे एकत्र कुठे राहिलात, आता कुठे राहता, मुलीची शाळा कोणती, फ्लॅट कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर, हे सगळे त्यांनी आधी विचारले आणि मग पेन हातात तसेच धरून म्हणाल्या, "ताई म्हणतात ते राहू दे. तुम्हाला काय हवंय?" बहीण म्हणाली की त्या तीन महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. तिला नणंदेला कोर्टात ओढायचे नव्हते. तिला मुलगी, राहण्याची सोय आणि त्या गृहकर्जातून सुटका हवी होती.

एकटीशी बोलण्यामागचे कारण मला पुढे कळले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पक्षकाराला या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्कच नाही. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. प्रत्यक्षात परवानगी मिळते आणि वकील उभे राहतात, पण न्यायाधीश अनेकदा थेट पक्षकाराशीच बोलतात, विवाह समुपदेशकांच्या खोलीत तर वकील किंवा मोठी बहीण कोणीच सोबत नसते. तेव्हा जिने स्वतः बोलायचे आहे तिला बोलते करणे हे वकिलाचे पहिले काम. वकील निवडताना आपण तो कोर्टात किती जोरात बोलतो हे पाहतो. आपल्या माणसाला तो किती बोलू देतो, याकडे आपले लक्षच नसते.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना तपासणे, हे त्या मानाने सोपे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा नोंदणी क्रमांक वकिलाच्या वकीलपत्रावरच असतो. खरे वाचायचे असते ते वकीलपत्रच. छापील नमुन्यात बारीक अक्षरांत तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, रकमा स्वीकारण्याचा अधिकार वकिलाला दिलेला असतो आणि नव्वद टक्के माणसे, आमच्यासारखीच, न वाचता सही करत असावीत. वकीलबाईंनी ते बहिणीकडून मोठ्याने वाचून घेतले आणि रकमा स्वीकारण्याची ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

फीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण विचारायला सगळ्यांनाच संकोच वाटतो. कोणी संपूर्ण प्रकरणाची ठोक रक्कम घेते, कोणी मसुद्याचे वेगळे आणि प्रत्येक तारखेचे वेगळे घेते. दोन्ही पद्धती चालतात, मात्र टंकलेखन, नकला, नोटरी, हायकोर्टात जावे लागले तर तिथला खर्च यांपैकी काय धरले आहे आणि काय नाही, हे आधीच विचारावे. मिळणाऱ्या पोटगीच्या टक्केवारीवर फी ठरवणे वकिलाला नियमानेच वर्ज्य आहे, तेव्हा असा प्रस्ताव आला तर उठून यावे. आमच्या पहिल्या वकिलांनी पंचवीस हजारांत 'कोर्ट फी' धरली होती. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट यांसारख्या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, हे आम्हांला वकीलबाईंकडून कळले. त्यांनी स्वतःची फी साठ हजार सांगितली, तीन टप्प्यांत, आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर तीन ओळींचा संदेश पाठवून कोणत्या टप्प्याला किती ते लिहून दिले. पैसे खात्यावर भरले. दरवेळी पावती आली.

जिला साठ हजार जड आहेत तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. 'फुकटचा वकील कसला काम करणार' असे मीही म्हणणाऱ्यांतली होते. पण एका तारखेला आमच्या शेजारच्या बाकावर प्राधिकरणाने नेमलेली एक तरुण वकील मुलगी एका घरकाम करणाऱ्या बाईंच्या खर्चाचा तपशील मांडीवर वही ठेवून भरून घेत होती, गॅस किती, दूध किती, रिक्षा किती, आणि त्या बाई दुधाचा आकडा दोनदा बदलत होत्या तरी ती शांतपणे खोडून पुन्हा लिहीत होती. माझे मत तिथे बदलले.

तो तपशील लागतोच. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपल्या मालमत्तेचे आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. वकीलबाईंनी बहिणीला पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे आणि शाळेच्या फीच्या पावत्या अशी यादी दिली आणि "आपलंही काही लपवायचं नाही, आईनं दिलेली मुदत ठेवसुद्धा" असे बजावले. समोरून प्रतिज्ञापत्र आले तेव्हा त्यातला एक भत्ता गाळलेला आहे हे मी हेरले, हिशेबाची सवय कधीतरी कामाला आली म्हणायची. तेवढ्यानेच समोरच्या वकिलांचा सूर बदलला आणि बोलणी सुरू झाली.

राहिला पहिल्या वकिलांकडे अडकलेला मूळ दाखला. उरलेली फी दिल्याशिवाय कागद मिळणार नाहीत, असा त्यांचा निरोप होता. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. वकीलबाईंनी तक्रारीचा उच्चारही न करता त्या निर्णयाचा उल्लेख असलेले चार ओळींचे सभ्य पत्र पाठवले. आठ दिवसांत दाखला आणि त्या चार कोऱ्या सह्या कुरिअरने घरी आल्या. पंचवीस हजारांवर आम्ही पाणी सोडले. कोरे कागद आईने स्वतःच्या हाताने फाडले.

समुपदेशकांकडे पाच बैठका झाल्या आणि प्रकरण परस्पर संमतीवर आले. मुलगी बहिणीकडे, महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी वडिलांकडे. रक्कम दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता अंतिम जबाबाच्या दिवशी. खारघरचा फ्लॅट त्याच्याकडे आणि कर्जही त्याच्याच एकट्याच्या नावावर. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, पण अमरदीप सिंग प्रकरणातल्या २०१७ च्या निर्णयापासून, वेगळे राहून दीड वर्ष उलटले असेल आणि पोटगी-ताब्याचे सगळे मिटलेले असेल तर न्यायालय ती मुदत माफ करू शकते. हे मी वाचून ठेवले होते, म्हणून केबिनमध्ये शिरतानाच म्हणाले, "मॅडम, माफीचा अर्ज टाकून मोकळे होऊ या."

त्यांनी माझ्याकडे न पाहता बहिणीला विचारले, "कर्जातून तुमचं नाव काढल्याचं बँकेचं पत्र आलं का?" आले नव्हते. "मग घाई कोणाला आहे?"

बहीण माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ताई, तू जरा बाहेर बसतेस का?"

बँकेने पत्रासाठी पुढच्या महिन्याची मुदत दिली आहे. तारीख त्यानंतरची घेतली आहे.